तिकडची माणसं

शनिवारी दुपारी ब्रॉडमीडच्या बाजारपेठेतल्या बुटांच्या दुकानात हिल्डा पार्फिट डाव्या पायातला बूट काढून बसली होती. मोज्याला पडलेलं भोक तिनं अंगठ्याखाली दडवलं होतं. ती काम करायची त्या कारखान्यातल्या एका टायपिस्ट मुलीचं लग्न होतं आणि निदान बूट तरी धड असावेत म्हणून ती आली होती. दुकानातली पोरगी तिच्या मापाचे तपकिरी बूट आणायला मागे गेली होती. समोर जमिनीलगत तिरका आरसा होता. त्यात माणसांचे चेहरे दिसत नाहीत, नुसते पाय दिसतात, आणि त्या पायांशी गुडघे टेकून बसलेल्या विक्रेत्यांची डोकी. हिल्डा सहज बघत होती. एका तरुण बाईचं गुलाबी मोज्यातलं पाऊल एका म्हाताऱ्या विक्रेत्यानं तळहातावर घेतलं होतं. टाच अलगद बुटात सरकवून त्यानं अंगठ्यानं बुटाचं टोक दाबून पाहिलं. त्याची मान वाकलेली होती. इंग्लंडात राहून माणसाची मान अशी होत नाही. उन्हानं भाजून भाजून ती खोगिराच्या चामड्यासारखी झाली होती, तिच्यावर चौकटी चौकटींच्या सुरकुत्या पडल्या होत्या आणि दोन वर्षं या शहराच्या धुक्यात काढूनही तिचा रंग उतरला नव्हता. ही मान हिल्डाला ठाऊक होती. “जरा उभ्या राहून बघता का, मॅडम? घाई नाही,” विक्रेता म्हणाला, आणि आवाजही तिला ठाऊक होता. तो लेस्ली गिंजेल होता. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गोल्ड कोस्ट वसाहतीच्या जमीन मोजणी खात्याचा एकेकाळचा उपसंचालक.

हिल्डानं बूट पायात कोंबला, नाडी न बांधताच पर्स उचलली आणि ती बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर पाच-पंचवीस पावलं ती काही विचार न करता चालली. मग एका दुकानाच्या काचेपाशी नाडी बांधायला वाकली तेव्हा पोटात काहीतरी ऊन ऊन पसरत गेल्याचं तिला जाणवलं, थंडीत रिकाम्या पोटी कोको प्यावा तसं. आपल्याला वाईट वाटतंय का, हे तिनं जरा तपासून पाहिलं. वाईट वाटत नव्हतं. लेस्ली गुडघ्यावर होता. आयव्हीचा नवरा ब्रॉडमीडमध्ये गुडघ्यावर बसून परक्या बायकांच्या पायांत बूट चढवत होता, आणि आयव्ही मात्र सगळ्या चर्चभर सांगत सुटली होती की तो बंदराच्या कचेरीत नकाशांचा सल्लागार आहे. हिल्डानं नाडीची गाठ दोनदा घट्ट केली. काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, आणि छप्पन्न वर्षांच्या त्या चेहऱ्यावर शाळकरी पोरीचं हसू बघून ती स्वतःच जरा बिचकली.

किंग्जवुडच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर ती एकटीच होती. ओल्ड मार्केट मागे पडलं, आणि तिच्या मनात उगाचच शाळेचं अंगण आलं. मे महिना, साम्राज्यदिन, एकोणीसशे बारा. त्या वर्षीच्या सोहळ्यात ब्रिटानिया, म्हणजे ढाल घेतलेली साम्राज्याची देवी, कोण होणार याची दोन आठवडे चर्चा चालली होती. हिल्डा नऊ वर्षांची. ब्रिटानियाच्या तोंडची सगळी कविता तिला पाठ होती, एकदाही न अडखळता म्हणता येत होती. बाईंनी निवड केली सहा वर्षांच्या आयव्हीची, कारण आयव्हीचे केस सोनेरी होते. कविता मागे उभं राहून हिल्डानं सांगायची असं ठरलं. मग तेही रद्द झालं. हिल्डाला वसाहती झालेल्या पोरींमध्ये घातलं. हातात साखरेचं तबक, अंगावर आईची जुनी शाल. आठ-दहा वसाहती ओळीनं गुडघे टेकून बसल्या, आणि वर टेबलावर पितळी झाकणाची ढाल घेऊन आयव्ही उभी. कवितेत ती तिसऱ्याच ओळीला अडकली. लोकांना तेच गोड वाटलं. मेयरसाहेबांनी तिला उचलून घेतलं. त्या दिवशी घरी येताना आई म्हणाली होती, “हिल्डा, तू काही बोलत का नाहीस गं?” आणि हिल्डा म्हणाली होती, “गुडघे दुखताहेत.” त्यानंतर आयुष्यभर या गोष्टीला तिनं असंच कसलं ना कसलं नाव दिलं. गुडघे दुखताहेत. डोकं चढलंय. आज कारखान्यात फार काम झालं.

लेस्ली आधी हिल्डाच्या ओळखीचा होता. त्याचा बाप किंग्जवुडच्या बुटांच्या कारखान्यात तळ शिवायचा, आणि लेस्ली शिष्यवृत्तीवर शिकला होता. गणितात फार हुशार, बोलण्यात अडखळणारा, नखांत नेहमी शाई. तो हिल्डाला ग्रंथालयातली पुस्तकं आणून द्यायचा आणि परत नेताना विचारायचा, कसं वाटलं. असं तिला दुसऱ्या कुणीच विचारलं नव्हतं. त्याला तिकडची नोकरी लागली तेव्हा चर्चची सहल वेस्टनच्या समुद्रकिनारी गेली होती. ओहोटीच्या वेळी चिखलात लांबवर चालत जाऊन तो तिला म्हणाला होता, “दीड वर्ष काम आणि मग चार महिने सुटी. ताप असतो. एकटेपण असतं. न्यायची तर धीराची बायको न्यायला हवी.” हिल्डा म्हणाली, “धीर काय, शिकता येतो.” तो हसला आणि त्यानं एक शिंपला उचलून लांब फेकला. एवढंच झालं होतं. त्या एवढ्याशावर हिल्डानं दीड वर्ष काढलं, हिवतापावरचं पुस्तक वाचलं, गुपचूप क्विनाईनची चव घेऊन पाहिली. पहिल्या सुटीला तो परत आला तेव्हा पिवळा पडला होता, पण ताठ चालत होता आणि वाक्य पुरं करायला शिकला होता. शंभर मैलांच्या मुलखात त्याच्या शब्दावर गावांच्या शिवा ठरत होत्या. तिथले राजे त्याला मेंढ्या भेट देत होते. चाळीस माणसं डोक्यावर सामान घेऊन त्याच्या मागून जंगलातून चालत होती. हे सगळं त्यानं हिल्डाच्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं. पण सांगताना तो दाराकडे तोंड करून बसला होता, आणि दारात केस पुसत आयव्ही उभी होती. आयव्हीला धीर नव्हता. ती कोळ्याला भ्यायची. लग्नात हिल्डानं तिचा झगा मागून उचलून धरला होता.

मग पत्रं सुरू झाली. दर महिन्याला एक, निळसर कागद, वर आक्रा या तिकडच्या राजधानीचा शिक्का. आई अर्धांगानं खुर्चीला खिळलेली. हिल्डानं संध्याकाळी कामावरून यायचं, आईला भरवायचं आणि मग चष्मा लावून पत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं. आयव्हीला आता सहा नोकर होते. आयव्हीचं घर उंच खांबांवर होतं. गव्हर्नरसाहेबांच्या बागेतल्या मेजवानीत आयव्ही गव्हर्नरबाईंच्या शेजारी बसली. “पुन्हा वाच,” आई म्हणायची, आणि हिल्डा ते वाक्य पुन्हा वाचायची. एका पत्रात फोटो होता: पांढऱ्या कपड्यातले सहा नोकर ओळीनं, मध्ये वेताच्या खुर्चीत टोपी घातलेली आयव्ही, मागे लेस्ली. आईनं तो चुलीवरच्या फळीवर ठेवायला लावला. हिल्डा कोकोच्या कारखान्यात टायपिस्ट होती. गोदामातून तिच्या खिडकीखाली पोती उतरायची आणि प्रत्येक पोत्यावर काळ्या अक्षरांत छापलेलं असायचं, गोल्ड कोस्ट. आयव्हीचा देश गाड्या भरभरून रोज तिच्या खिडकीखाली येऊन पडायचा, आणि त्याच्या वासानं तिचे केससुद्धा सुटीच्या दिवशी गोडसर वास मारायचे. युद्धात बॉम्ब पडून शहरातला कॅसल स्ट्रीट जळाला तेव्हा ती कारखान्याच्या गच्चीवर वाळूची बादली घेऊन उभी होती, आणि त्याच आठवड्यात आलेल्या पत्रात आयव्हीनं लिहिलं होतं की सध्या बर्फ वेळेवर मिळत नाही, फार हाल आहेत. हिल्डानं ती ओळ आईला वाचून दाखवली नाही. पत्राची घडी तिनं चारदा मोडून पुन्हा घातली, आणि ती बॉम्बमुळे बावरलीय असं शेजारणीला वाटलं. सुटीवर आली की आयव्ही आईच्या खोलीतला चांगला पलंग घ्यायची, खिडकीशी उभी राहून म्हणायची, “इथं सगळं किती लहान आहे गं. आमच्याकडे एवढं आकाश असतं.” आणि चहा हवा असला की नकळत टाळी वाजवायची. मग जीभ चावून म्हणायची, “सवय बाई, सवय.” हिल्डा चहा आणून द्यायची. आई वारली त्या आठवड्यात आयव्ही येऊ शकली नाही. तार करून इथल्याच दुकानातून फुलं पाठवली. ती फुलं हिल्डाच्या फुलांहून मोठी होती.

दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, एका सकाळी पाव भाजता भाजता हिल्डानं रेडिओवर ऐकलं की गोल्ड कोस्टवरचा आपला झेंडा उतरला, आता त्या देशाचं नाव घाना. निवेदकाचा आवाज मोठा समजूतदार होता. हिल्डाला राजकारणातलं काही कळत नव्हतं. साम्राज्य वाढलं तेव्हा तिच्या वाट्याला साखरेचं तबक आलं होतं आणि टिकलं तेव्हा पोत्यांचा वास. आता ते आवरायला निघालं होतं तर त्यात तिनं रडण्यासारखं काही नव्हतं. पण हसण्यासारखं होतं. ती स्वयंपाकघरात एकटी उभी राहून हसली होती. पाव करपला होता. तो तसाच तिनं खाल्ला, आणि इतका चवदार पाव तिनं कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता.

ती दोघं परतली, आणि हिल्डाला वाटलं तसं काहीच झालं नाही. किंग्जवुडला घर घ्यायचं सोडून त्यांनी क्लिफ्टनच्या उच्चभ्रू वस्तीत एका जुन्या दगडी इमारतीचा तिसरा मजला भाड्यानं घेतला. खिडकीतून झुलता पूल दिसायचा. आत बिबट्याचं कातडं, कोरीव लाकडी आसन, भिंतीवर लेस्लीनं काढलेला, अशांती या तिकडच्या प्रांताचा नकाशा. चर्चच्या बायका तिथं चहाला जायच्या आणि आयव्ही अजून ‘आमच्याकडे’ म्हणाली की ते क्लिफ्टन नसायचं. आणि मग बंदराच्या कचेरीतली ती नोकरी. “त्यांना अनुभवी माणूस हवाच होता,” आयव्ही म्हणाली होती. देश गेला तरी हिची खुर्ची जात नाही, असं हिल्डाला तेव्हा वाटलं होतं, आणि त्या रात्री तिचं डोकं चढलं होतं.

रविवारी आयव्हीकडे चहाला ती वेळेआधी पोचली. नेहमी नेते तो केक आज तिनं नेला नव्हता. आयव्हीनं दार उघडलं. ती आता जाड झाली होती, केस पांढरे, पण मान अजून तशीच वर. “लेस्ली पुलापर्यंत फिरायला गेलाय,” ती म्हणाली. “येईलच. बस ना. थंडी किती पडलीये.” हिल्डा बसली. काल संध्याकाळपासून तिनं वाक्य तयार केलं होतं, दहा तऱ्हांनी फिरवून पाहिलं होतं. आता ती त्याची वेळ लांबवत राहिली, जसं ताटातलं आवडतं शेवटी ठेवावं. हवेबद्दल बोलली. लग्नाबद्दल बोलली. मग आयव्हीनं किटली उचलली तेव्हा म्हणाली, “काल मी ब्रॉडमीडला गेले होते. बूट घ्यायला.”

चहाची धार हलली नाही. “मग मिळाले का?” आयव्हीनं विचारलं.

“नाही. घेतलेच नाहीत.”

“शनिवारी जाऊच नये. मंगळवारी सकाळी जावं, लेस्ली म्हणतो. तेव्हा त्यांना वेळ असतो, पाय नीट बघतात.” आयव्हीनं कप तिच्यापुढे सरकवला. “तू त्याला पाहिलंस.”

हिल्डानं कप उचलला नाही. “तुला माहीत आहे?”

“अगं, माहीत नसायला काय झालं? माझा नवरा आहे तो. रोज त्याच्या गुडघ्यांना मलम मीच लावते.” आयव्ही समोर बसली आणि तिनं स्वतःच्या कपात दोन चमचे साखर घातली. “चौतीस अर्ज केले त्यानं. छप्पन्नाव्या वर्षी कोण घेतं? आणि तिकडे नकाशे काढले म्हणजे काय केलं, हे इथं कुणाला कळतंय? एकानं तर विचारलं, तुम्हाला गाडी चालवता येते का. शेवटी हे दुकान. पहिल्या दिवशी परत आला आणि त्या खुर्चीत बसला. मला वाटलं, आता हा रडणार. तर त्यानं एका बाईची नक्कल केली. सात नंबरचा पाय आणि पाच नंबरच्या बुटासाठी हट्ट. अगं, उठून चालून दाखवलं त्यानं, या खोलीत, तिच्यासारखं. मी हसून हसून पडले. आक्रा सोडल्यापासून आम्ही दोघं एकदाही हसलो नव्हतो. आता रोज हसतो. मी सहा वाजायची वाट बघत असते.”

हिल्डानं विचारलं, “मग ते बंदराचं?”

“ते चर्चच्या बायकांसाठी.” आयव्हीनं कपात चमचा फिरवला. “नाही, खरं सांगू का? ते तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी? मला वाईट वाटेल म्हणून?”

“तुला बरं वाटेल म्हणून,” आयव्ही म्हणाली. ती रागावून म्हणाली नाही. रविवारच्या चहाला साखर किती हे सांगावं तसं म्हणाली. “इतक्या वर्षांत मी दुसरं काही शिकले नसेन, हिल्डा, पण माझ्या पाठीवर तुझी नजर कशी पडते ते मला न वळता कळतं. लहानपणापासून. ती मी चालवून घेतली, कारण आईचं सगळं तू केलंस. पण त्याच्यावर ती पडू नये एवढंच मला वाटत होतं. त्याचा काही दोष नाही यात. अदुसेई त्याला थांब म्हणत होता.”

“कोण अदुसेई?”

“त्याचा मदतनीस. आता तिथला संचालक. चांगला माणूस. म्हणाला, साहेब, जाऊ नका, माझ्या शेजारच्या खोलीत बसा, अजून अर्धा देश मोजायचा राहिलाय. लेस्लीला थांबायचं होतं. मीच नाही म्हटलं. कालपर्यंत जो आपल्या व्हरांड्यात उभा राहायचा त्याच्या हाताखाली माझा नवरा काम करणार नाही, म्हटलं.” आयव्हीनं चमचा बशीत ठेवला. “माझ्या त्या एका वाक्यानं तो आता गुडघ्यावर आहे. आणि त्यानं मला एकदाही तसं म्हटलेलं नाही.”

काल बसमध्ये तिनं या क्षणाचं जे चित्र रंगवलं होतं त्यात आयव्हीचा चेहरा उतरणार होता, आयव्ही ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणणार होती, आणि हिल्डा तिचा हात हातात घेऊन ‘नाही गं’ म्हणणार होती. ते सगळं आता कुठल्या कुठे गेलं. समोर एक जाडी म्हातारी बाई बसली होती जिचं घर, नोकर, आकाश सगळं गेलं होतं, आणि जिच्या चेहऱ्यावर हिल्डानं कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. हे तिला गव्हर्नरच्या बागेत मिळालेलं नव्हतं. हे तिला इथं मिळालं होतं, तिसऱ्या मजल्यावर, मलमाच्या डबीसकट. हिल्डाच्या छातीत ते जुनं दुखणं उठलं, आणि या वेळी ते इतकं जोरात उठलं की तिला टेबलाची कड धरावी लागली. सहा नोकरांचा हेवा तिला झेपला होता. सहा वाजायची वाट बघण्याचा हेवा झेपत नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली. लेस्ली आत आला, नाक थंडीनं लाल, टोपी हातात. आयव्ही म्हणाली, “हिल्डाला माहीत आहे.” त्यानं टोपी खुंटीला लावली. “मला वाटलंच होतं,” तो म्हणाला आणि हिल्डाकडे वळला. तो पूर्वीसारखा अडखळू लागला होता. “मी काल तुला... आरशात पाहिलं. तुझे बूट ओळखले मी. अर्धंच दुकान मध्ये होतं, तुला हाक मारता आली असती. सगळे मारतात. मागच्या महिन्यात आमच्याच खात्यातला एक जण आला आणि मोठ्यानं म्हणाला, अरे गिंजेल, तू? सगळ्या दुकानानं वळून पाहिलं. आणि तू मात्र... एक पाय तसाच बुटात घालून निघून गेलीस. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. फार मोठं मन लागतं त्याला. मी आयव्हीला रात्रीच म्हटलं.”

आयव्हीनं हिल्डाकडे पाहिलं. हिल्डा खरी कशासाठी पळाली ते तिला दिसत होतं. हिल्डानं वाट पाहिली, आता ही बोलेल. आयव्हीनं तिसरा कप भरला आणि नवऱ्याला दिला. “हो,” ती म्हणाली, “म्हणाला खरा.” आणि हिल्डाच्या लक्षात आलं की बहिणीनं तिला आत्ता काहीतरी देऊन टाकलं, अगदी वरून, टेबलावर उभी राहून दिल्यासारखं, आणि ते नाकारायला तिच्याकडे कुठलाच मार्ग नाही.

तिनं चहा संपवला. लेस्लीनं तिचा कोट धरला. “मंगळवारी ये,” तो म्हणाला, “तुझा उजवा पाय डाव्याहून जरा मोठा आहे. कुणाच्या लक्षात आलं नसेल.” हिल्डा म्हणाली, “बघते.” दार मागे लागलं. ती पहिल्या वळणापर्यंत उतरली असेल नसेल, तोच वर कुणीतरी पाय घासत चालल्याचा आवाज आला, लेस्लीचा आवाज एका बाईचा झाला आणि आयव्ही हसली. ते हिल्डाला हसत नव्हते. हसत असते तर बरं झालं असतं. हातकठडा धरून ती तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं आणि स्वेटर घातलेले एक वृद्ध गृहस्थ दुधाची रिकामी बाटली बाहेर ठेवायला वाकले. तिला बघून ते थबकले. “काही हवंय का बाई?”

“नाही. वर माझी बहीण राहते.”

“गिंजेलबाई? मग तुम्ही त्यांच्या घरच्याच.” ते कौतुकानं वर बघत म्हणाले, “मोठी माणसं, पण मिजास नाही. रोज संध्याकाळी हे असं हसणं ऐकू येतं. साहेब बंदरात मोठ्या हुद्द्यावर आहेत म्हणे?”

वरून पुन्हा हसू आलं. हिल्डानं कोटाचं वरचं बटण लावलं आणि मान जरा वर उचलली.

“नकाशांचे सल्लागार आहेत,” ती म्हणाली. “आमचे लेस्ली. तिकडे सगळा मुलूख त्यांनीच मोजला. बंदराला अनुभवी माणूस हवाच होता.”

ते गृहस्थ आदरानं बाजूला झाले आणि हिल्डा त्यांच्यासमोरून सावकाश, एकेक पायरी मोजून उतरल्यासारखी, खाली गेली.